निवृत्त बंबांचें पुढें काय होतें?

मोठ्या शहरांत राहणाऱ्या माणसाला आगीचा बंब दिसतो तो धांवतांना. घंटा वाजते, रस्त्यावरचीं माणसें बाजूला होतात, तांबडी गाडी डोळ्यांपुढून निघून जाते, आणि कोणाच्या घरीं आज काय प्रसंग ओढवला असेल, असें आपण क्षणभर मनाशीं म्हणतों. ती गाडी बंबखान्यांत परतली कीं आपला आणि तिचा संबंध संपतो. परंतु तिचेंही वय होतें; तीही एके दिवशीं सेवानिवृत्त होते. पुढें तिचें काय होतें, हा प्रश्न आपणांपैकीं फारच थोड्यांच्या मनांत आला असेल. श्रोतेहो, आजच्या भाषणांत त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

हा विषय केवळ कुतूहलाचा नाहीं. मी राहतों तें वडसा, म्हणजेच देसाईगंज, हें गांव गडचिरोली जिल्ह्यांत वैनगंगेच्या खोऱ्यांत वसलेलें आहे. गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणारी रेल्वे येथून जाते. धानाच्या गिरण्या, लांकडाचा व्यापार आणि हिंवाळ्यांत रात्ररात्र चालणारीं झाडीपट्टीचीं नाटकें ही या गांवाची ओळख. धान कापलें म्हणजे शेतकरी मळणीपूर्वीं त्याचें पुंजणें रचून ठेवतो. वर्षाची सारी कमाई त्या एका पुंजण्यांत असते. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोंचतो, आणि वाळलेल्या तणसाला एक ठिणगी पुरते. जंगलांतील वणवा हा बंबाचा विषय नव्हे. जेथें रस्ता नाहीं तेथें तांबडी गाडी जाऊं शकत नाहीं, आणि तो वणवा जाळरेषा काढून व हिरव्या फांद्यांनीं झोडपूनच आवरावा लागतो. परंतु घर, गिरणी, बाजार, पुंजणें आणि नाटकाचा मंडप यांचें रक्षण बंबानेंच व्हावयाचें. अशा गांवांची भिस्त एखाददुसऱ्या बंबावर असते. जिल्ह्याचें ठिकाण सुमारें ५० किलोमीटर दूर. तेथून मदत निघून पोहोंचेपर्यंत पुंजण्याची राख झालेली असते. म्हणून मोठ्या शहरानें बाजूला काढलेला बंब लहान गांवाला द्यावा कीं नाहीं, हा आम्हांला केवळ वादाचा विषय वाटत नाहीं. तो आमच्या घरचा प्रश्न आहे.

प्रथम बंबाच्या घराण्याचा थोडा परिचय करून घेऊं. मुंबईंत आग विझविण्याचें काम प्रारंभीं पोलिसांकडे होतें. १८८७ सालीं तें महानगरपालिकेकडे आलें. गाड्या घोडे ओढीत असत. १९०७ सालीं तेथें पहिला मोटार-बंब आला, आणि पुढें घोड्यांचे तबेले हळूहळू रिकामे झाले. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या गोदींत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हां मुंबईच्या अग्निशामक दलाचे ६६ जवान कामावर असतां मृत्यु पावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून देशभर पाळला जातो. आपल्या विदर्भापुरतें सांगावयाचें तर राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरास आहे. तें १९५६ सालीं रामपूर येथें स्थापन झालें आणि पुढच्याच वर्षीं नागपुरास आलें. म्हणजे बंब कसा चालवावा, याचें शिक्षण घेण्यासाठीं सबंध देशांतून अधिकारी आमच्या शेजारीं येतात.

आतां बंब म्हातारा कसा होतो तें पाहूं, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे. सामान्य मालमोटारीचें वय आपण तिनें किती किलोमीटर तोडले यावरून ठरवितों. बंबाला हें माप लागू पडत नाहीं. शहरांतील बंबाच्या फेऱ्या जवळपासच्याच असतात, म्हणून पंधरा वर्षांनंतरही त्याचा किलोमीटर दाखविणारा कांटा फारसा पुढें गेलेला नसतो. तो पाहून कोणीही म्हणेल, 'अहो, ही गाडी तर अजून तरुण आहे!' परंतु हा कांटा अर्धेंच सत्य सांगतो.

बंबाचें खरें काम गाडी उभी असतांना होतें. आगीच्या ठिकाणीं पोहोंचल्यावर चाकें थांबतात, आणि इंजिनाची सारी शक्ति पंपाला जोडली जाते. इंजिन तासन् तास गुरगुरत असतें आणि किलोमीटरचा कांटा जागचा हालत नाहीं. दुसरें असें कीं मालमोटार कधीं भरलेली तर कधीं रिकामी असते. बंब मात्र बंबखान्यांत उभा असतांनाही भरलेलाच असतो. मोठ्या बंबाच्या टांकींत साधारणतः ४५०० लिटर पाणी राहतें, म्हणजे साडेचार टन वजन. तें रात्रंदिवस वर्षानुवर्षें कमानींवर, सांगाड्यावर आणि टायरांवर बसलेलें असतें. तिसरें कारण पाण्याचा सहवास. टांकी, नळ व झडपा आंतून गंजत जातात. आणि चवथें कारण सर्वांत कठोर: इतर गाड्यांचें इंजिन अगोदर सावकाश तापूं दिलें जातें, बंबाला मात्र थंड अवस्थेंतून उठून तत्काळ पूर्ण वेगानें धांवावें लागतें. साठीच्या माणसाला झोपेंतून उठवून लगेच डोंगर चढावयास लावावें, तसाच हा प्रकार.

पंपाचीही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. बंबावरील मुख्य पंपांत एक चक्र वेगानें फिरतें आणि पाण्याला बाहेर फेकतें. परंतु या पंपाला स्वतः हवा ओढून काढतां येत नाहीं. नदी-तलावांतून पाणी घ्यावयाचें असेल तर अगोदर दुसऱ्या एका यंत्रानें नळींतील हवा काढावी लागते. मग बाहेरच्या हवेचा दाबच पाण्याला वर ढकलतो. शास्त्राप्रमाणें हा दाब पाण्याला सुमारें १० मीटर चढवूं शकतो. व्यवहारांत ७ मीटरांपलीकडे भरंवसा धरतां येत नाहीं. आतां पंपाचीं रबरी वेष्टनें कडक झालीं आणि कोठें तरी केसाएवढी फट पडली, तर तेथून हवा आंत शिरते आणि पाणी चढतच नाहीं. मोठ्या शहरांत रस्त्यावरील नळांतून दाबाचें पाणी मिळूं शकतें, म्हणून हा दोष कित्येक दिवस लपून राहतो. आमच्या भागांत मात्र पाणी घ्यावयाचें तें बोडींतून, तलावांतून किंवा विहिरींतून. मिनिटाला १८०० लिटर फेकणारा पंप ४५०० लिटरांची टांकी अडीच मिनिटांत रिकामी करतो. त्यानंतर पंपानें तलावाचें पाणी ओढलें नाहीं, तर बंब असून नसल्यासारखाच. शहरांत न दिसणारी फट खेड्यांत घर जाळते, ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

असा हा बंब थकला म्हणजे त्याच्यापुढें चार वाटा असतात.

पहिली वाट राखीव दलाची. नवा बंब आला कीं जुना मागच्या रांगेंत उभा राहतो, आणि पुढचा दुरुस्तीला गेला म्हणजे त्याची जागा घेतो. अमेरिकेंतील अग्निसुरक्षेचे नियम ठरविणाऱ्या संस्थेची शिफारस अशी आहे कीं, पंधरा वर्षांवरील बंब पहिल्या फळींतून काढून राखीव ठेवावा, आणि पंचवीस वर्षांनंतर त्याला पूर्ण विश्रांति द्यावी. कांहीं बंब या वयांत शिक्षकाचा पेशा पत्करतात. नव्या उमेदवारांनीं नळी जोडणें, शिडी उतरविणें, पंप चालविणें हें जुन्या यंत्रावरच शिकावें. शाळेंतील जुन्या नकाशावर मुलांनीं बोटें फिरविलीं तर नुकसान होत नाहीं; तसेंच हें.

दुसरी वाट दुसऱ्या गांवाची. अमेरिकेंत मोठ्या शहरांचे बंब लहान गांवांच्या स्वयंसेवक दलांकडे विक्रीनें जातात, ही जुनी रीत आहे. ब्रिटनमध्यें १९५३ ते १९५६ या काळांत बेडफर्डच्या सांगाड्यावर हिरव्या रंगाचे हजारों बंब युद्धाच्या भीतीपोटीं बांधण्यांत आले. लोक त्यांना 'ग्रीन गॉडेस', म्हणजे हिरवी देवी, असें म्हणूं लागले. ज्या दलासाठीं ते बांधले तें दल १९६८ सालीं बरखास्त झालें, आणि बंब कोठारांत पडून राहिले. १९७७ सालीं अग्निशामकांचा संप झाला तेव्हां सैनिकांनीं ते बाहेर काढले. २००२ सालीं पुन्हा काढले. त्यांचे किलोमीटर थोडेच झाले होते. पण पन्नास वर्षांपूर्वींची ती रचना नव्या गाड्यांच्या तुलनेनें फारच मंद आणि जड ठरली. पुढें सरकारनें ते विकले, आणि त्यांतील कित्येक आफ्रिकेंतील देशांत गेले. याच ब्रिटनमध्यें १९९५ पासून 'ऑपरेशन फ्लोरियन' नांवाची अग्निशामकांची धर्मादाय संस्था काम करीत आहे. ती परदेशांतील गरजू दलांना वापरलेलीं साधनें देते, आणि त्याबरोबर तीं चालविण्याचें शिक्षणही देते. दान आणि अडगळ यांतील भेद या शेवटल्या वाक्यांत आहे.

तिसरी वाट संग्रहालयाची, आणि ती फार थोड्यांच्या नशिबीं येते. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत १९१४ सालचा एक बंब आहे. तो इंग्लंडांतील सॅलफर्ड येथील जॉन मॉरिस यांच्या कारखान्यांतून निजाम स्टेट रेल्वेनें आणविला होता. मराठवाड्यांतून धांवणारी ती रेल्वे, आणि पुढें काझीपेठहून थेट आमच्या चांदा जिल्ह्यांतील बल्लारशहापर्यंत जिचे रूळ आले तीही तीच. आज त्या बंबाला जुन्या मोटारींच्या मिरवणुकींत मानाचें स्थान मिळतें. न्यूयॉर्क येथील ११ सप्टेंबरच्या स्मारक-संग्रहालयांत तिसऱ्या शिडी-तुकडीची मोडून गेलेली गाडी ठेवलेली आहे. २००१ सालीं त्या तुकडीचे अनेक जवान ढासळत्या इमारतींत राहिले. अशा गाडीला पाणी फेकण्याचें काम उरत नाहीं. पण पाहणाऱ्याला थांबवून विचार करावयास लावण्याचें काम ती करीत असते.

चवथी वाट मोडीची. सरकारी कचेरींत हिला निर्लेखन म्हणतात. शाळेंतील मोडक्या बाकांचें आणि फुटक्या गोलांचें निर्लेखन करतांना किती सह्या लागतात, हें प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतें; बंबाचीही तीच कथा. वस्तु नोंदवहींतून उतरते, मग तिचा लिलाव होतो. पूर्वीं लिलावांत घेतलेल्या गाडीचें पुढें काय करावयाचें तें घेणाऱ्याच्या मर्जीवर असे. कोणी तिची टांकी ठेवी, कोणी इंजिन काढी, कोणी सारें लोखंडाच्या भावानें फुंकून टाकी.

आतां या चार वाटांवर आपल्या देशांत एक मोठा दरवाजा बसला आहे. केंद्र सरकारनें जानेवारी २०२३ मध्यें अधिसूचना काढून असा नियम केला कीं, केंद्र, राज्य, महानगरपालिका, नगरपालिका, पंचायत आदींच्या मालकीच्या गाड्यांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पुन्हा करावयाची नाहीं. १ एप्रिल २०२३ पासून हा नियम अंमलांत आला. अशा गाड्या सरकारमान्य मोडणी-केंद्रांतच मोडावयाच्या. देशाचें संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षितता यांसाठीं वापरल्या जाणाऱ्या विशेष गाड्यांना सवलत आहे. आगीच्या बंबाचें नांव त्या सवलतींत घातलेलें नाहीं. मोडणी-केंद्रांसंबंधीचे नियम २०२१ सालींच झाले होते. त्यांप्रमाणें गाडी तोडण्यापूर्वीं तिच्यांतील तेलें, इंधन, शिशाची बॅटरी इत्यादि घातक पदार्थ वेगळे काढावे लागतात. बंबाच्या बाबतींत ही खबरदारी विशेष महत्त्वाची आहे. कारण तेलाच्या आगीवर मारावयाच्या फेसांत पूर्वीं सर्रास अशीं रसायनें असत, जीं माती-पाण्यांत वर्षानुवर्षें नष्ट होत नाहींत. तशा फेसाची टांकी कोठें तरी ओढ्याकांठीं धुतली गेली, तर आग विझविणारा मरतांना विहिरी नासवून जावयाचा.

या नियमाविरुद्ध एक आक्षेप सहज सुचतो. पंधरा वर्षांच्या बंबानें थोडेच किलोमीटर तोडलेले असतात. मग धडधाकट यंत्र मोडीत घालणें ही उधळपट्टी नव्हे काय? ज्या गांवाला मुळींच बंब नाहीं, त्याला तो जुना बंब कां देऊं नये? न मिळण्यापेक्षां जुना बरा, असें कोणीही म्हणेल. मलाही हा विचार प्रथमदर्शनीं पटण्यासारखा वाटतो. परंतु मघांची ती केसाएवढी फट आठवावी. जुन्या कोटाला भोंक असलें तर थंडी थोडी अधिक वाजते, एवढेंच. जुन्या बंबाच्या पंपांत भोंक असलें तर गांव जळतें. शिवाय बंब नाहीं हें ज्या गांवाला ठाऊक आहे, तें गांव पुंजण्याजवळ पाण्याचे पिंप भरून ठेवतें, रात्रीं राखण करतें, विडी विझवून टाकतें. ज्या गांवाला बंब असल्याचा भ्रम आहे, तें निश्चिंत झोपतें. खोटा दिलासा हा कांहींच नसण्यापेक्षां अधिक घातक असतो, तो याच कारणानें.

आणखी एक गोष्ट. शहराचे प्राण पहिल्या प्रतीचे आणि खेड्याचे दुसऱ्या प्रतीचे, असें कोणी उघड म्हणत नाहीं; पण जें आपल्याला चालत नाहीं तें त्यांना चालेल, असें म्हणतांना तेंच गृहीत धरलेलें असतें. जंगलपट्टींतील माणसाचें घर हेंही घरच आहे. तेथील रस्ते अधिक खडबडीत, दुरुस्तीची कार्यशाळा अधिक दूर, सुटे भाग मिळणें अधिक कठीण. म्हणजे ज्या गाडीला सर्वांत चांगली प्रकृति लागते, तीच गाडी सर्वांत थकलेल्या अवस्थेंत तेथें पाठवावयाची, हा न्याय उलटा आहे.

मग शहरांनीं कांहींच देऊं नये काय? अवश्य द्यावें, पण तीन गोष्टी पाळाव्या. पहिली अशी कीं द्यावयाचेंच तर बंब भर वयांत असतांना, दहाव्या-बाराव्या वर्षाच्या आंत द्यावा, म्हणजे नव्या घरीं त्याची कांहीं वर्षें कायदेशीर आणि कामाची जातील. पंधरा वर्षें पुरीं झाल्यावर नोंदणीच उरत नाहीं. तेव्हां दिलेलें दान म्हणजे मोडीचा खर्च दुसऱ्यावर ढकलणें होय. दुसरी गोष्ट, बंबाबरोबर त्याची नोंदवही आणि त्याला ओळखणारा माणूस पाठवावा. कोणती झडप अडते, कोणता खटका दोनदां दाबावा लागतो, हें कागदावर नसतें, तें हातांत असतें. निदान पंधरा दिवस तरी जुन्या चालकानें नव्याला सोबत करावी. तिसरी गोष्ट, मोडींत जाणाऱ्या बंबावरूनही जें सुस्थितींत आहे तें वेगळें काढावें. नळ्या जोडण्याचे तोंडवळे आपल्याकडे भारतीय मानकाप्रमाणें ६३ मिलिमीटरांचे ठरलेले आहेत, म्हणून मुंबईचा जोड वडशाच्या नळीला बसावयास हवा. हें किती मोलाचें आहे तें अमेरिकेंतील बाल्टिमोर शहराला १९०४ सालीं कळून आलें. तेथें मोठी आग लागली, शेजारच्या शहरांतून बंब धांवून आले. पण त्यांच्या नळ्यांचे जोड तेथील पाण्याच्या खांबांना बसेनात, आणि मदत उभ्या उभ्या आग पाहत राहिली. आपल्याकडे ही एकवाक्यता असतांना पितळी जोड, फवाऱ्याचीं तोंडें आणि कसोटीला उतरलेल्या शिड्या लोखंडाच्या भावानें वितळविणें हें अविचाराचें आहे. अर्थात् शिडी आणि नळी यांची दाबाची व वजनाची परीक्षा घेतल्यावांचून त्यांना हात लावूं नये.

घेणाऱ्या गांवानेंही भाबडेपणा सोडावा. बंब दारीं आला कीं हार घालावे, नारळ फोडावा. पण त्याच दिवशीं त्याला तलावावर न्यावें. टांकी रिकामी करून, नळी पाण्यांत सोडून, तो किती वेळांत पाणी ओढतो तें घड्याळ लावून पाहावें. रात्रभर टांकी भरून ठेवावी आणि सकाळीं पाणी किती उतरलें तें मोजावें. सुटे भाग कोठें मिळतील तें विचारावें, आणि चालविणारा माणूस रात्रीं-अपरात्रीं कोठें सांपडेल हें गांवाला माहीत असावें. या परीक्षांसाठीं अभियंता लागत नाहीं. चार जागरूक नागरिक पुरे होतात. दर महिन्याला एकदां हीच परीक्षा व्हावी, कारण उभा राहून राहूनच बंब बिघडतो.

शहरांतील कुटुंबांनाही यांत एक कर्तव्य आहे. आपल्या महानगरपालिकेचे बंब किती वर्षांचे झाले आणि बाजूला काढलेले कोठें गेले, हें विचारण्याचा अधिकार करदात्याला आहे. घरांतील जुनें धान्य भिकाऱ्याला घालण्यापूर्वीं तें किडलें आहे का, हें पाहण्याची रीत आपल्या आजीच्या घरांत होती. बंबाच्या बाबतींत तीच रीत नगरांनीं पाळावी. ज्या गाडीनें पंधरा वर्षें दुसऱ्यांच्या घरांसाठीं धांव घेतली, तिला शेवटीं प्रामाणिकपणें विश्रांति मिळावी. आणि तिच्यामागें लहान गांवाच्या वांट्याला जें येईल, तें विश्वास टाकण्याजोगें असावें. एवढें झालें तर पुढच्या हंगामांत पुंजण्याशेजारीं निजणाऱ्या शेतकऱ्याची झोप निदान खोट्या भरंवशावर तरी अवलंबून राहणार नाहीं.